अनुकूलित दुचाकी

अनुकूलित दुचाकी म्हणजे शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला स्वतः चालवता यावी यासाठी मूळ रचनेत फेरबदल केलेली स्कूटर, मोपेड किंवा मोटारसायकल होय. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक जादा चाक जोडणे हा या फेरबदलाचा महाराष्ट्रात सर्वाधिक दिसणारा प्रकार असून व्यवहारात अशा वाहनाला 'साइड व्हीलची गाडी' असे म्हणतात. याखेरीज पायाने चालणारे ब्रेक व गिअर हाताकडे आणणे, आसनाला पाठटेकू लावणे, कुबड्या ठेवण्यासाठी खोबण करणे अशा बदलांचाही यात समावेश होतो.

कारखान्यातून बाहेर पडणारी दुचाकी या बदलांसाठी आखलेली नसते. दोन चाकांवर तोल सांभाळत, वळणावर कलत धावणे हे गृहीत धरूनच तिचा सांगाडा, चाके, टायर आणि ब्रेक यांची मोजमापे ठरवलेली असतात. त्यामुळे बाहेरून केवळ वेल्डिंगचे काम वाटणारा हा बदल प्रत्यक्षात वाहनाचा स्वभावच पालटतो. तो नीट झाला तर चालकाला घराबाहेरचे जग खुले होते. सदोष झाला तर जे संकट ओढवते त्यातून झटकन बाजूला होणे त्याच चालकाला सर्वांत कठीण असते.

संज्ञा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मुळात 'इनव्हॅलिड कॅरेज' ही संज्ञा होती. 'इनव्हॅलिड' या इंग्रजी शब्दाचे उच्चारभेदाने 'रुग्णाईत' आणि 'रद्दबातल' असे दोन अर्थ होतात. चालकाच्या परवान्यावर हा शब्द असणे शोभादायक नव्हते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ही संज्ञा वगळून तिच्या जागी 'अडॅप्टेड व्हेईकल' अर्थात अनुकूलित वाहन ही संज्ञा आणली. हा बदल केवळ सौजन्याचा नव्हता. त्याने व्याख्याही बदलली. त्याचा तपशील पुढे कायद्याच्या भागात दिला आहे.

पूर्वपीठिका

मोटारसायकलची यंत्रणा वापरून अपंगांसाठी वाहन करण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ठळकपणे झाले. बर्ट ग्रीव्ह्ज या अभियंत्याने पक्षाघाताने जखडलेल्या आपल्या चुलतभावाच्या, डेरी प्रेस्टन-कॉब याच्या, चाकाच्या खुर्चीला इंजिन बसवले. त्यातूनच 'इन्व्हाकार' ही कंपनी उभी राहिली. तिची एकआसनी तीनचाकी वाहने मोटारसायकलच्या लहान इंजिनावर चालत आणि ब्रिटिश सरकार ती अपंग नागरिकांना उपलब्ध करून देत असे. याच ग्रीव्ह्ज यांच्या नावाच्या मोटारसायकली पुढे शर्यतींत गाजल्या. इन्व्हाकार वाहनांच्या स्थैर्याबद्दल आणि अपघातातील सुरक्षिततेबद्दल मात्र टीका होत राहिली व ३१ मार्च २००३ पासून ती ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवरून हटवण्यात आली.

भारतात असे स्वतंत्र वाहन मोठ्या प्रमाणावर कधी तयार झाले नाही. येथे बाजारात असलेलीच दुचाकी घ्यायची आणि ती गॅरेजमध्ये बदलून घ्यायची, ही रीत पडली. साहजिकच कोणती दुचाकी बदलण्यास सोयीची, हा प्रश्न दिव्यांग ग्राहकापुढे आधी उभा राही. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या चेतक स्कूटरमध्ये क्लच व गिअर डाव्या मुठीत होते, ही जमेची बाजू. पण मागचा ब्रेक पायाने दाबावा लागे आणि इंजिन सुरू करण्यासाठी किक मारणे भाग होते. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या लुना मोपेडला गिअर नव्हते, परंतु ती पायडल मारून सुरू करावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने या दोन्ही अडचणी एकदम दूर केल्या. तिला गिअर नव्हते, बटणाने सुरू होण्याची सोय होती आणि दोन्ही ब्रेक हाताशी होते. ती दिव्यांगांसाठी बनवलेली नव्हती. तरीही तिच्यातील या तीन सोयींमुळे पाय निकामी झालेला मनुष्य ती चालवू शकत होता. त्यानंतरच्या काळात होंडा अॅक्टिव्हा व तत्सम गिअरविरहित स्कूटरींनी ही जागा घेतली.

या वाहनाची गरज असलेल्यांत पोलिओने पाय गमावलेल्यांची संख्या एके काळी मोठी होती. हात बळकट आणि पाय दुबळे, अशा शरीरस्थितीला जोडचाकांची स्कूटर अगदी जुळणारी ठरली. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. नव्या पिढीतील वापरकर्ते अपघातात पाय गमावलेले किंवा मणक्याला इजा झालेले असण्याची शक्यता अधिक असते. त्यांच्या गरजा पोलिओग्रस्तांहून निराळ्या असल्याने एकाच साच्याचा बदल सर्वांना लागू पडत नाही.

मूळ रचना आणि बदलातील अडचणी

दुचाकी वळणावर आत कलते. त्यामुळे तिचे वजन आणि वळणाचा बाहेर ढकलणारा जोर यांचा एकत्रित दाब चाकाच्या पातळीतूनच जमिनीकडे जातो. चाकावर आडवा ताण फारसा येत नाही. म्हणूनच दुचाकीचा टायर मधोमध फुगीर असतो आणि चाक, आस व बेअरिंग तुलनेने हलकी असली तरी चालते. जोडचाके बसवली की वाहन कलेनासे होते. आता वळणाचा सगळा जोर आडवा येतो आणि तो सोसण्यासाठी न बनवलेल्या भागांवर पडतो.

गिअरविरहित स्कूटरमध्ये आणखी एक गुंता असतो. तिचे इंजिन सांगाड्याला घट्ट जखडलेले नसते. इंजिन, पट्ट्याची यंत्रणा आणि मागचे चाक हा एकच जुडगा एका टोकाशी सांगाड्याला सांधलेला असून खड्ड्यातून जाताना तो सबंध वरखाली होतो. मागचे चाकही बहुधा एकाच बाजूने धरलेले असते. जोडचाकांची चौकट या हलत्या जुडग्याला, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ओतीव आवरणाला, बांधली तर ते आवरण तडकण्याचा संभव असतो. ती मुख्य पोलादी सांगाड्यालाच आणि शक्यतो एकाहून अधिक ठिकाणी बांधली जाणे आवश्यक असते.

बांधण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. सांगाड्याच्या नळ्या पातळ असतात. त्यांवर थेट वेल्डिंग केल्यास सांध्यालगतच्या पोलादाचे गुणधर्म उष्णतेने बदलतात आणि काही महिन्यांच्या हादऱ्यांनंतर भेग पडते ती सांध्यात नव्हे, तर सांध्याच्या शेजारी. रंग जळालेल्या जागी गंज चढतो तो वेगळाच. म्हणून कुशल कारागीर नळीला कवेत घेणाऱ्या पकडी आणि बोल्ट वापरतात. त्यामुळे भार विभागला जातो, ढिलेपणा तपासता येतो आणि पुढे वाहन विकायचे झाल्यास ते मूळ रूपात आणता येते.

जोडचाकांचे प्रकार

जोडचाकांच्या रचनेचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात मूळ मागचे चाक जागेवर राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक येते. म्हणजे वाहनाला एकंदर चार चाके होतात. दुसऱ्यात मधले चाक काढून त्या जागी लांब आस व दोन चाके बसवून वाहन खऱ्या अर्थाने तीनचाकी केले जाते. दुसऱ्या प्रकारात वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी भेदक दंतचक्रांची यंत्रणा लागते. किंवा एकाच चाकाला चालना देऊन काम भागवले जाते आणि मग वाहन गती घेताना एका बाजूला ओढले जाते. खर्च आणि गुंतागुंत पाहता पहिला प्रकारच अधिक रूढ आहे.

पहिल्या प्रकारातील मर्म जोडचाकांच्या स्प्रिंगमध्ये आहे. जोडचाके ताठ बसवली असतील आणि रस्ता मधोमध खचलेला असेल, तर ती दोन चाके कडांवर टेकतात आणि मधले चाक अधांतरी राहते. चालना मधल्याच चाकाला असल्याने वाहन जागीच थांबते. मागचा ब्रेकही त्याच चाकाला असतो, त्यामुळे उतारावर किंवा गतिरोधकावर हा प्रसंग आला तर मागचा ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही. उलट स्प्रिंग फार मऊ असेल तर वळणावर बाहेरचे जोडचाक दबते, वाहन बाहेरच्या अंगाला झुकते आणि ज्या आधारासाठी ते चाक बसवले तो आधारच ऐनवेळी कमी पडतो. चालकाचे वजन लक्षात घेऊन स्प्रिंग निवडणे हे या कामातील खरे कसब होय. तयार संच आणून कोणत्याही गाडीला ठोकून देण्याच्या प्रथेत नेमके तेच हरवते.

वळण व उलटण्याचा धोका

साइड व्हील लावले म्हणजे गाडी पडत नाही, असा समज सर्वत्र आहे. थांबलेल्या गाडीपुरता तो खरा आहे. धावत्या गाडीचे गणित वेगळे पडते. पुढे एक आणि मागे दोन आधार असलेल्या वाहनाचा आधारत्रिकोण पुढच्या बाजूला निमुळता असतो. भार जितका पुढे आणि जितका उंच, तितके ते लवकर उलटते. वळणात ब्रेक दाबल्यास भार पुढच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि धोका वाढतो.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जोडचाक मध्यरेषेपासून ४५ सेंटिमीटर अंतरावर आहे, चालकासह वाहनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि तो पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतच्या अंतराच्या तीन पंचमांश इतका मागे आहे असे मानू. अशा ठिकाणी प्रत्यक्ष उपयोगी पडणारा आधार ४५ नव्हे, तर २७ सेंटिमीटरचा असतो, आणि आडवा जोर वजनाच्या सुमारे ०.४५ पटीपर्यंत पोहोचला की आतले चाक उचलले जाते. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाला हा जोर वजनाच्या सुमारे ०.३१ पट असतो. ताशी ३० किलोमीटरला तो ०.७१ पट होतो. वेग दीडपट केला तर जोर सव्वादोनपट वाढतो. म्हणजे जे वळण २० च्या वेगाने बिनघोर घेता येते, तेच ३० च्या वेगाने वाहन उलथवू शकते.

शिवाय पूर्वी दोन चाकांची गाडी चालवलेल्या मनुष्याला जुनी सवय मोडावी लागते. दुचाकीवर चालक नकळत हँडल क्षणभर उलट दिशेला दाबून गाडी कलवतो आणि मग वळतो. न कलणारे वाहन हँडल ज्या बाजूला फिरवावे त्या बाजूला मोटारीप्रमाणे सरळ वळते. अपघातात पाय गमावून पुन्हा गाडीवर बसणाऱ्या अनुभवी चालकाची पहिल्या काही दिवसांत फसगत होते ती येथे. रस्त्याचा मध्य उंच व कडा उतरत्या असल्यामुळे वाहन सतत डावीकडे ओढले जाणे हाही नवा अनुभव असतो.

नियंत्रणे व शरीराच्या गरजा

मोटारसायकलमध्ये गिअर डाव्या पायाने व मागचा ब्रेक उजव्या पायाने चालतो. एकच पाय निकामी असल्यास संबंधित नियंत्रण जोडदांड्याने हाताकडे आणता येते. दोन्ही निकामी असल्यास गिअरविरहित स्कूटर हाच व्यवहार्य पर्याय उरतो. एका हाताच्या चालकासाठी दोन्ही ब्रेक एकाच दांड्यावर घ्यावे लागतात. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकींना एक दांडा दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लागण्याची संयुक्त यंत्रणा अनिवार्य झाली. नियम सर्वांसाठी असला तरी या कामी तो उपकारक ठरतो. मात्र ही यंत्रणा मूळ वजनासाठी जुळवलेली असते. जोडचाकांनी वजन वाढले की थांबण्याचे अंतरही वाढते, आणि जोडचाकांना स्वतःचा ब्रेक बहुधा नसतो.

मागे घेण्याची सोय नसणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी, पण रोज छळणारी उणीव आहे. धडधाकट चालक पायाने रेटून गाडी मागे घेतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. स्वावलंबनासाठी घेतलेल्या वाहनाने वाहनतळावर परावलंबी करावे, हा विरोधाभास आहे. त्यासाठी वेगळी गिअरपेटी बसवता येते, पण ती महाग व जड असते. विजेवरील स्कूटरमध्ये मोटार उलट फिरवून हे सहज साधते आणि काही कंपन्यांच्या गाड्यांत ही सोय मुळातच असते. इंजिन सुरू करण्याचा, किकचा प्रश्नही तेथे उरत नाही. दिव्यांगांच्या दृष्टीने विजेच्या दुचाकीचे महत्त्व इंधनबचतीपेक्षा येथे अधिक आहे.

मणक्याला इजा झालेल्या चालकांबाबत एक दक्षता अगत्याची असते. कमरेखाली संवेदना नसल्याने तापलेल्या सायलेन्सरला किंवा इंजिनाला पाय टेकला तरी त्यांना चटका जाणवत नाही आणि घरी पोहोचल्यावर खोल भाजलेले लक्षात येते. त्यामुळे उष्णतारोधक आवरण आणि पाय सरकू न देणारी कड यांना सजावट न मानता आवश्यक भाग मानावे लागते. धड सावरण्यासाठी पाठटेकू व दाबजखमा टाळण्यासाठी जाड मऊ आसनही त्यांना हवे असते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या केरळमधील प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्यानंतर सायलेन्सर, टायर, हँडल अशा हौशी बदलांविषयी बरीच चर्चा झाली. हौस आणि गरज यांतला भेद त्या चर्चेत क्वचितच आला.

दिव्यांगांच्या वाहनापुढची अडचण व्याख्येतच होती. १९८८ च्या अधिनियमातील 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणजे अशा व्यक्तीसाठी खास आखलेले व बांधलेले, 'केवळ फेरबदल केलेले नव्हे' असे वाहन. भारतात खास बांधलेले वाहन जवळजवळ मिळतच नव्हते. जे होते ते सगळे फेरबदल केलेलेच. कायदा शब्दशः वाचला तर रस्त्यावरील बहुतेक साइड व्हीलच्या गाड्या त्या व्याख्येत बसत नव्हत्या आणि मूळ दुचाकीच्या व्याख्येतही त्या राहिल्या नव्हत्या. २०१९ च्या दुरुस्तीने खास बांधलेले किंवा कलम ५२ खाली फेरबदल केलेले, अशा दोन्ही वाहनांना अनुकूलित वाहन म्हटले. तसेच आपल्या वाहनाचे अनुकूलित वाहनात रूपांतर करून त्यानंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेण्याची मुभा मालकाला दिली. अर्थात विहित अटींचे पालन बंधनकारक आहे आणि वाहन केवळ त्या व्यक्तीकडून किंवा तिच्यासाठी वापरले जावे, ही अट कायम आहे.

याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे मंजुरीचा टप्पा टाळणे महागात पडू शकते. नोंदणी पुस्तकात बदलाची नोंद नसल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही वाद उपस्थित होतो. चालकाचा परवानाही अनुकूलित वाहनाच्या वर्गाचा असावा लागतो. साध्या दुचाकीच्या परवान्यावर ही गाडी चालवणे पुरेसे ठरत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये परवडणाऱ्या दरात वैयक्तिक संचार शक्य व्हावा यासाठी सवलती व वाहनांतील फेरबदल यांच्या योजना शासनाने आखाव्यात, असे म्हटले आहे. म्हणजे एक कायदा फेरबदलाला अपवाद म्हणून परवानगी देतो, तर दुसरा त्यास उत्तेजन देण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र शासकीय विभाग स्थापन झाला.

सोलापूर

सोलापूर शहराची घडण पाहता या वाहनाची निकड सहज ध्यानात येते. यंत्रमाग, टॉवेल व चादरी, शिवणकाम आणि विडी हे येथील श्रमिकांचे पारंपरिक व्यवसाय. त्यांतील बहुतेक कामे बसून, हाताने करण्याजोगी असल्याने पायाचे दिव्यांगत्व कामाच्या आड येतेच असे नाही. आड येते ते कामापर्यंतचे अंतर. विडी कामगारांच्या मोठ्या गृहवसाहती शहराबाहेर कुंभारी परिसरात झाल्या आहेत. तेथे १०,००० घरांचा गोदूताई परुळेकर यांच्या नावाचा प्रकल्प २००६ मध्ये, तर रे नगर प्रकल्पातील १५,००० घरांचा टप्पा जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थींना मिळाला. घर हक्काचे झाले, पण पेठांतील बाजार, रुग्णालय आणि कचेऱ्या लांब पडल्या. बसच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या व्यक्तीला हे अंतर स्वतःच्या वाहनाखेरीज तोडता येत नाही.

शहरातून पुणे–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ जातात. मालमोटारींच्या वेगवान रहदारीत संथ व रुंद झालेली स्कूटर कडेला सरते आणि कडेला नेमका रस्त्याचा उतार व खचलेली साइडपट्टी असते. वर वर्णन केलेले मधले चाक उचलले जाण्याचे प्रसंग अशाच जागी येतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. वाढलेले वजन ओढत कमी वेगाने चालणारे हवेने थंड होणारे इंजिन आणि त्याचा पट्टा अशा दिवसांत लवकर तापतात. त्यामुळे तेल आणि पट्टा कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच बदलण्याची शिफारस केली जाते.

लेथ व वेल्डिंगची कामे करणारी लहान वर्कशॉप शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आहेत. यंत्रमागाचे सुटे भाग घडवण्याचा सराव असलेल्या हातांना पकडी आणि आस बनवणे अवघड नाही. जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी सोलापूर (एमएच-१३) आणि अकलूज (एमएच-४५) येथील परिवहन कार्यालयांत होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातून घ्यावे लागते. गाडी आधी बदलून मग कागदपत्रांच्या मागे लागण्याऐवजी प्रमाणपत्र, शिकाऊ परवाना आणि परिवहन कार्यालयाकडून अटींची माहिती हे आधी उरकून मग वर्कशॉप गाठल्यास तीच गाडी पुन्हा बदलण्याची वेळ येत नाही. मंजुरी मिळाल्यानंतरही पहिल्या काही आठवड्यांत पकडींचे बोल्ट वरचेवर आवळून पाहावे लागतात, कारण नवी जोडणी हादऱ्यांनी बसत जाते आणि ढिली पडते.